मुखवट्याला तडा का जातो?

प्रश्न : चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या पद्धतीचा ‘बूगर’ (नाचात घालायचा) मुखवटा ओल्या लाकडात कोरला. आठ दिवसांत कपाळापासून नाकापर्यंत तडा गेला. लाकूड आधी पूर्ण वाळवायला हवं होतं का?

उत्तर : नाही. ओलं लाकूड कोरायला मऊ असतं, तेच घ्यावं. चूक बहुधा गाभ्याची, म्हणजे ओंडक्याच्या अगदी मधल्या भागाची आहे. वाळताना लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसतं. गाभा आत राहिला की ओढाताण होऊन लाकूड फाटतं. म्हणून ओंडका उभा, मधोमध फोडा. सालीकडची बाजू चेहऱ्याला ठेवा, म्हणजे गोलाई आयती मिळते. गाभ्याकडची बाजू पोखरून काढा.

दुसरं कारण जाडीचं. कडा एक सेंटिमीटर आणि नाकामागे चार, असं झालं तर कडा आधी वाळतात आणि नाकाजवळ ताण येतो. नाकाच्या आतूनही गोल पटाशीने खोदा. पहिल्या फेरीत सगळीकडे अडीच सेंटिमीटर जाडी ठेवा. कपाळ आणि हनुवटी इथे लाकडाची आडवी कापलेली तोंडं उघडी असतात, ओल तिथूनच भराभर निघते; त्यांना मेण लावा. मुखवटा वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवा, कागद ओलसर झाला की बदला. वजन घटायचं थांबलं की जाडी सव्वा सेंटिमीटरवर आणा. डोळ्यांची भोकं अगदी शेवटी.

प्रश्न : चेरोकी लोक कोणतं लाकूड वापरतात? आपल्याकडे पर्याय काय?

उत्तर : नॉर्थ कॅरोलिनातल्या क्वाला बाउंडरीवर, म्हणजे चेरोकींच्या तिथल्या जमिनीवर, बकआय या झाडाचं. फिकट, हलकं, एकसारख्या पोताचं. उन्हाळ्यात ओंडका तसाच पडू दिला तर बुरशीने निळसर डाग पडतात. आपल्याकडे शिवणीचं लाकूड घ्या. ते वाळताना फारसं वेडंवाकडं होत नाही.

प्रश्न : हे चेहरे इतके विद्रूप का?

उत्तर : कारण ते परक्यांचे आहेत. हिवाळ्यातल्या बूगर नाचात मुखवटेवाले दूरदेशाहून आलेले उपटसुंभ बनून घरात घुसतात, दांडगाई करतात. त्यांत युरोपीय वसाहतवालेही असतात. म्हणून नाक अवाजवी मोठं, भुवया आणि दाढी प्राण्यांच्या फरची. काही मुखवटे भोपळ्याचे, काही गांधीलमाशीच्या पोळ्याचेही असत. बिग कोव्ह या चेरोकी वस्तीतले कारागीर विल वेस्ट लाँग (मृत्यू १९४७) यांनी ही कला आणि नाच दोन्ही जपले. त्यांचे मुखवटे पाहिले की थोड्याच घावांत चेहरा कसा उभा राहतो ते कळतं. आपण बहुतेकदा पॉलिश पेपर घासून तो जोर घालवून बसतो. पटाशीच्या खुणा राहू द्या.

प्रश्न : अमेरिकेतल्या नातेवाइकांमार्फत माझे मुखवटे तिथे विकता येतील?

उत्तर : ‘चेरोकी’ म्हणून नाही. मूळनिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं १९९० च्या अमेरिकी कायद्याने गुन्हा आहे. स्वतःच्या नावाने विका. अस्सल मुखवटा विकत घ्यायचा असेल तर चेरोकी गावात १९४६ पासून चाललेली क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्युच्युअल ही कारागिरांचीच सहकारी संस्था आहे.