सायकलींसाठी बांधलेल्या पुलावरून पायी जाणाऱ्यांना जाऊ द्यावं का?

द्यावंच. नदी ओलांडायला जवळ दुसरी वाट नसेल तर चालणाऱ्याला अडवायचा हक्क कुणालाच नाही. मी स्वतः सायकलवाला आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण केली, त्याच वर्षी मी गिअरची सायकल घेतली. तरीही सांगतो.

माझी आई रोज पहाटे नाशिकला गोदावरीवरच्या रामसेतू पुलावरून पंचवटीत काळारामाच्या दर्शनाला चालत जायची. तिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. पाच-सहा वर्षांपूर्वी मागून सायकलवाल्यांचा एक घोळका वेगात आला. घंटी वाजली, आई दचकली आणि नेमकी चुकीच्या बाजूला सरकली. हँडल कोपराला लागलं, ती पडली, मनगट मोडलं. पोरगा थांबला, घाबरलाही होता, पण पहिलं वाक्य काय? "काकू, मी घंटी वाजवली होती." दीड महिना प्लास्टर. त्यानंतर आईने पायी जाणं सोडलं ते सोडलंच.

आमचे दाजीही सायकलवाले. घरी येऊन म्हणाले, "आईंनी कडेने चालायला हवं होतं." कडेने? कठड्याला लागून फुलवाल्यांच्या टोपल्या असतात! वर त्यांनी कोपनहेगनच्या 'सायकलस्लांगेन'चा दाखला दिला. २०१४ साली झालेला तो पूल फक्त सायकलींचा आहे, खरं आहे. पण तिथे चालणाऱ्यांना खालून धक्क्यावरची वाट आणि जिना आहे. आधी त्यांची सोय, मग सायकलींचा वेगळा पूल. हा अर्धा भाग दाजी कधीच सांगत नाहीत.

चालणारा तासाला चार-पाच किलोमीटर जातो, सायकल सहज पंधरा-वीस. नुसता पांढरा पट्टा मारून हे दोघं वेगळे राहत नाहीत. पायवाट थोडी उंच हवी. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या सूचनांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे, तेवढी तरी सोडा. व्हीलचेअरसाठी चढ बाराला एक, म्हणजे बारा फूट लांबीला एक फूट उंची, यापेक्षा तीव्र नको.

हां, चालणाऱ्यांनीही सायकलच्या पट्ट्यात चौघांनी हातात हात घालून फिरू नये, हे मान्य. पण आईच्या बाबतीत ते लागू नव्हतं, दाजी. ती एकटी होती आणि पुलावर जागाच नव्हती. अशा पुलावर सायकलवाल्याने उतरून सायकल हातात धरून चालायचं. मी तेव्हापासून तेच करतो.