‘वेठीस धरणे’ : वेठ म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आहे : ‘संपामुळे प्रवासी वेठीस’ अशा मथळ्यातली ‘वेठ’ म्हणजे काय, आणि ‘वेठीस धरणे’ व ‘ओलीस ठेवणे’ यांत फरक आहे का?

फरक आहे, आणि तो मोठा आहे. वेठ म्हणजे सक्तीने, मोबदला न देता करून घेतलेले काम. शब्द स्त्रीलिंगी, सामान्यरूप ‘वेठी’; म्हणून ‘वेठीस धरणे’ म्हणजे अशा कामासाठी माणसाला धरून नेणे. लष्कर किंवा अंमलदार गावावरून जाऊ लागला की ओझी वाहायला माणसे धरत, गाड्या-बैल ओढून नेत. ते हे धरणे. ओलीस ठेवलेला माणूस तारण म्हणून अडकवलेला असतो. त्याच्याकडून काम करून घ्यायचे नसते, त्याच्या बदल्यात दुसऱ्याकडून काहीतरी पदरात पाडून घ्यायचे असते.

‘वेठ’चे मूळ संस्कृत ‘विष्टि’. उच्चारावरून ‘वेष्टन’ आठवते खरे, पण अर्थाचा धागा विष्टीकडेच जातो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टि सक्तीच्या श्रमाच्या अर्थाने येते. मला सर्वांत बोलका वाटतो तो जुनागढचा, इ.स. 150 च्या सुमाराचा रुद्रदामनाचा शिलालेख. वादळाने फुटलेला सुदर्शन तलावाचा बांध आपण पुन्हा बांधला, तोही नगरातल्या आणि जनपदातल्या लोकांना ‘कर-विष्टि-प्रणय’ यांनी न पीडता, असे राजा त्यात मुद्दाम कोरून ठेवतो. (इथला ‘प्रणय’ प्रेमाचा नव्हे, राजाने गरजेपोटी मागितलेली जादा वर्गणी.) वेठ न घेणे ही मिरवण्याजोगी गोष्ट होती, यावरूनच ती किती सरसकट घेतली जात असेल ते कळते. विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांतही दान दिलेल्या गावाला सर्व प्रकारच्या विष्टीतून माफी दिलेली आढळते.

पुढे फारसीतून ‘बेगार’ आला, मराठीत ‘बिगार’ झाला, आणि कागदपत्र, धनदौलत यांसारखा एकाच अर्थाच्या दोन शब्दांचा ‘वेठबिगार’ हा जोड तयार झाला. राज्यघटनेच्या 23व्या अनुच्छेदाने बिगार आणि सक्तीची मजुरी यांना मनाई केली. 1976च्या कायद्याने कर्जापोटी माणूस राबवून घेण्याची पद्धत रद्द झाली. तिलाही आपण वेठबिगारीच म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली, आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करायला लावणे हीही सक्तीची मजुरीच, असे म्हटले. म्हणजे कायद्यात अर्थ रुंदावला, पण केंद्रस्थानी राबणारा माणूसच राहिला.

बातम्यांच्या भाषेत मात्र श्रमाचा भाग गळून पडला आणि नुसते ‘अडवून धरणे’ उरले. हा अर्थ आता इतका रुळला आहे की त्याला चूक म्हणता येणार नाही. तरीही मला तो खटकतो. पूर्वी सत्ता राबणाऱ्याला वेठीस धरी. आता राबणाऱ्याने काम थांबवले की त्यानेच लोकांना वेठीस धरले, असे आपण सहज लिहून जातो. ‘संपामुळे प्रवाशांचे हाल’ असे लिहिले तर काहीच अडत नाही. अपहरणाच्या बातमीत ‘ओलीस’ हाच शब्द हवा.

‘वेठ मारणे’ हा प्रयोगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अर्थ : काम कसेबसे उरकणे. गुजरातीतही ‘वेठ उतारवी’ याच अर्थाने म्हणतात. फुकट राबवलेला माणूस जीव ओतून काम कशाला करील? ‘बिगारी’ची वाट वेगळी. बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला आजही बिगारी म्हणतात, पण तो रोजंदारी घेतो, आणि त्या शब्दातली फुकटेपणाची छटा बोलणाऱ्याच्या मनातही येत नाही.