जुन्या लोकसंस्कृती महोत्सवाची कागदपत्रं आणि कॅसेटी कशा जपाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंचवीसेक वर्षांपूर्वी तुमच्या गावात देशपातळीवरचा लोकसंस्कृती महोत्सव भरला होता. त्याची दोन कपाटं आणि एक ट्रंक मंडळाच्या खोलीत पडून आहे. खोली आता रिकामी करायची आहे, आणि काय ठेवावं, काय टाकावं, ठेवलेलं टिकवावं कसं हे सांगणारं कुणी नाही. तुम्ही चिकोडीकडचे, मी बेळगाव तालुक्यातला. वाचनालयात उभी नोकरी झाली आणि तरुणपणी अशाच एका महोत्सवात निवास समितीत राबलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोली आवरायला जी पोरं येतील त्यांना पहिलं एवढं सांगा, की हिशेबाच्या फायली रद्दीत घालायच्या नाहीत. बाकी काहीही नंतर ठरवता येईल.

सगळीकडे उलट होतं म्हणून हे आधी सांगतोय. स्मरणिका, फोटोंचे अल्बम आणि दीपप्रज्वलनाची व्हिडिओ कॅसेट आपण जपून ठेवतो. हिशेब तपासून झाला, वर्षं उलटली, की व्हाउचरांचे गठ्ठे रद्दीवाल्याकडे जातात. पण स्मरणिका उघडून बघा. त्यात शुभेच्छा संदेश असतात, जाहिराती असतात, पाहुण्यांचे फोटो असतात, आणि कलावंतांबद्दल ‘सौंदत्तीचे चौंडकं पथक’ (चौंडकं म्हणजे यल्लम्मा देवीच्या पदांना साथ करणारं एकतारी वाद्य) एवढीच ओळ असते. व्हाउचरावर मात्र कलावंताचं नाव असतं, गाव असतं, मानधनाची रक्कम असते, रेव्हेन्यू तिकिटावर सही नाहीतर डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी असते. प्रवासखर्चाच्या कागदावर कुठून बस धरली आणि बरोबर किती साथीदार होते ते कळतं. भोजनाच्या कुपनांच्या वहीवरून किती दिवस राहिले ते कळतं. आमच्या निवास समितीची यादी तर शाळेच्या वर्गांप्रमाणे होती: सातवी ब, ढोलवाले, चौदा जण. ही यादी लिहिताना त्यातलं काही पुढे कुणाच्या उपयोगी पडेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी विद्यापीठात शिकणारी एक मुलगी वाचनालयात आली. तिच्याकडे आमच्या महोत्सवातला एक फोटो होता. कपाळभर भंडारा लावलेली बाई, काखेत चौंडकं, मागे तुणतुणं धरलेली एक तरुण पोरगी. फोटोखाली छापलं होतं, ‘लोककला सादर करताना’. आम्ही चारही अल्बम चाळले, स्मरणिका चाळली, नाव कुठेच नाही. शेवटी मानधनाच्या गठ्ठ्यात सापडलं. नाव, सौंदत्ती तालुक्यातलं गाव, ‘साथ: दोघे’, आणि खाली अंगठा. त्या गावी गेलो तेव्हा बाई वारून बरीच वर्षं झाली होती, पण फोटोतली तुणतुण्यावरची पोरगी, त्यांची भाची, तिथेच होत्या. आता पन्नाशीच्या. बाईंनी महोत्सवात म्हटलेलं, कॅसेटवरून उतरवलेलं पद आम्ही त्यांना फोनमधून ऐकवलं. अक्कांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि कन्नडमधून म्हणाल्या, की हे पद इथं संपत नाही. पुढं अजून चार कडवी आहेत. मंचावर सातच मिनिटं दिली होती, म्हणून मावशीनं तोडलं. आणि उरलेली चार कडवी त्यांनी ओट्यावर बसून म्हणून दाखवली.

त्या दिवसापासून मी कार्यक्रमपत्रिकाही जपून ठेवायला सांगतो, विशेषतः मंचामागे चिकटवलेली, कुणाला किती मिनिटं ते पेनानं लिहिलेली प्रत. जागरभर चालणारं पद महोत्सवात सात मिनिटांचं होतं. ते तोडलेलं आहे हे कुठे लिहून ठेवलं नाही, तर पुढचा माणूस तेवढंच पूर्ण समजून शिकेल.

आपल्याकडे हेळवी येतो ना, वही उघडतो आणि पणजोबाच्याही मागची नावं वाचून दाखवतो. घरातली म्हातारी माणसं ती नावं हात जोडून ऐकतात. महोत्सवाच्या दफ्तराकडे मी त्याच भावनेनं बघतो. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं. तिथे स्वागतगीत गाणाऱ्यांत अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल होत्या. त्या पुढे मोठ्या झाल्या, ती आठवण त्यांनी स्वतः सांगितली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. ज्यांना आपली आठवण सांगायला पुढे कुठलाच मंच मिळाला नाही, त्यांच्यासाठी व्हाउचराचा तो कागदच काय तो पुरावा.

आता कॅसेटी. इथे घाई अजिबात करू नका. ट्रंकेतून काढलेली कॅसेट सरळ प्लेअरमध्ये घालू नका. आधी उजेडात धरून कॅसेटच्या खिडकीतून फीत बघा. फितीच्या कडेला पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण ती वाजवली तर प्लेअरचं हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, घाण होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही बुरशी लागते. चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही लहान प्लॅस्टिकचे दात मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं रेकॉर्डिंग होणार नाही. मग ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या. आतली फेल्टची गादी निघाली असेल तर घाबरायचं कारण नाही. स्क्रूवाली कॅसेट उघडून फीत दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठवालीपेक्षा पातळ असते, तिला जास्त जपा.

वाजवायला जुना पण नीट चालणारा कॅसेट डेक शोधा. बाजारातले स्वस्त यूएसबी प्लेअर टाळा, त्यात फीत एकसारख्या वेगानं चालत नाही. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो किंचित फिरवून टाळ-झांजांचा आवाज सर्वांत स्वच्छ कुठे येतो ते कानानं ठरवा. कॅसेटी वेगवेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या असतात, त्यामुळे हे प्रत्येक कॅसेटला पुन्हा करावं लागतं. संगणकावर आवाज उतरवून घ्यायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फाईल वेव्ह (WAV) प्रकारची ठेवा, २४ बिट, किमान ४८ किलोहर्ट्झ. स्टिरिओमध्ये ताशी साधारण १ जीबी जागा लागते, म्हणजे साठ मिनिटांच्या दोनशे कॅसेटी २०० जीबीत मावतात. आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. एमपीथ्री फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला करा.

आणि निवेदन कापू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. गाणी सुटी करायच्या नादात निवेदकाचं बोलणं, टाळ्या, मधली कुजबुज मी उडवत होतो. निवेदकानंच तर सांगितलेलं असतं, ‘आता येताहेत रायबाग तालुक्यातले अमुक अमुक, ढोलावर त्यांचे थोरले बंधू.’ कॅसेटची एक बाजू म्हणजे एक सलग फाईल, सुरुवातीच्या खरखरीपासून शेवटपर्यंत. तुकडे करायचे तर नकलेचे करा.

मूळ कॅसेटीही टाकू नका. माझ्या माहितीतल्या एका संस्थेनं वीसेक वर्षांपूर्वी सगळं सीडीवर उतरवून घेतलं आणि कॅसेटी कचऱ्यात दिल्या. आज त्यातल्या कितीतरी सीडी उघडत नाहीत. घरी कोरलेल्या सीडीतला रंगाचा थर उतरत जातो, तिच्यावर भरवसा नको. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. हार्ड डिस्क वर्षातून एकदा तरी लावून फायली उघडून बघायच्या.

कागदांचं लवकर सांगतो. गंजलेल्या पिना आणि स्टेपल हळूच काढा, रबर बँड काढा, सुताच्या दोऱ्यानं सैल बांधा. लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल यांपैकी काहीही लावू नका. फायलीतला क्रम बदलू नका. एखादं पत्र अमुक व्हाउचराच्या मागे का लावलं असेल ते आज कळत नसलं तरी उद्या कळू शकतं. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटाचे रुमाल करून त्यात गठ्ठे बांधा, आपली जुनी दफ्तरं अशीच टिकली आहेत. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीनं, बॉलपेन नको. अल्बमची पानं चिकट असतील तर फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. कागदाला ३०० डीपीआय पुरतं, फोटोला ६०० घ्या.

मात्र फॅक्स आधी. त्या काळी पथकांच्या होकाराचे फॅक्स यायचे आणि ते गुळगुळीत थर्मल कागदावर असायचे. त्यावरची अक्षरं अशीही पुसट होतात. काही आज वाचता येतील, पुढच्या वर्षी येणार नाहीत. ट्रंक उघडलीत की गुळगुळीत कागद वेगळे काढा आणि त्याच दिवशी फोनवर तरी फोटो घ्या. तारा असतील तर त्याही जपा. २०१३ साली तार बंद झाली, पण ‘निघालो, बारा जण’ एवढ्या मजकुराची एक तार आमच्याकडे आहे आणि ती मला मानपत्रांपेक्षा मोलाची वाटते.

यादी करताना आपल्या भागात एक जादा काम असतं. इथे पत्रं मराठीत, अर्ज कन्नडमध्ये आणि वरून आलेले आदेश हिंदी-इंग्रजीत. एकच माणूस तीन कागदांवर तीन नावांनी येतो. यल्लव्वा, येल्लवा, यलवा. गावांचंही तेच: निपाणी आणि निप्पाणी, सौंदत्ती आणि सवदत्ती, आणि २०१४ च्या १ नोव्हेंबरनंतर बेळगावची कागदोपत्री बेळगावी. वाद्यांना मराठीत एक आणि कन्नडमध्ये एक नाव, आपलं चौंडकं तिकडे चौडिके. यादीत कागदावर आहे तसं नाव लिहा आणि शेजारच्या रकान्यात बाकीची सगळी रूपं. कुठलंही रूप ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. भाषेचा वाद इथे प्रत्येकाच्या घरातला आहे, मी त्यातच वाढलो. पण कन्नड येणारं एक माणूस बरोबर न घेता ही यादी केलीत तर अर्धे कलावंत हरवतील. पुण्याच्या गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. त्या संग्रहातल्या नोंदी बघा, तुमच्या यादीला तोच नमुना घ्या.

मूळ दफ्तर कुठे द्यायचं यावर तुमच्या मंडळात भांडण होईल, कोल्हापूर की धारवाड म्हणून. माझं मत असं की मूळ कागद गावातच राहू द्या आणि प्रती दोन्हीकडे द्या. हावेरी जिल्ह्यात गोटगोडीला कर्नाटकाचं जानपद विद्यापीठ आहे, इकडे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. महोत्सवाला केंद्राची मदत असेल तर नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राला पत्र टाका. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही त्याच्या कक्षेत येतात, तुमच्याकडे नसलेले कागद तिथे निघू शकतात.

सगळं यूट्यूबवर टाकायच्या आधी मात्र थांबा. यल्लम्माला सोडलेल्या, तिची पदं गाणाऱ्या जोगतिणींचे फोटो आणि नावं यात असतील. कर्नाटकात देवदासी सोडण्यावर १९८२ च्या कायद्यानं बंदी आली. त्या बायकांची मुलंबाळं आज वेगळं आयुष्य जगताहेत, आणि आईचा किंवा आजीचा तो फोटो जगानं बघावा की नाही हे त्यांनी ठरवायचं आहे. नाव दफ्तरात नक्की ठेवा, बाहेर टाकण्याआधी घरच्यांना विचारा. काही पदं ठरावीक वेळीच म्हणायची असतात, तेही गाणाऱ्यांनाच विचारा.

हे विचारायला गावोगाव जाल तेव्हा फोनमध्ये रेकॉर्डिंग नेऊन ऐकवा आणि ऐकताना ती माणसं काय बोलतात ते दुसऱ्या फोनवर टिपा. मागे ‘जी जी’ म्हणणारा कोण, ढोल कुणाचा, कडवं कुठे गाळलं, हे सांगणारे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कॅसेटी सगळ्या उतरवून होईपर्यंत वाट बघू नका. पाच झाल्या की निघा.

एवढं सगळं मृगाच्या आधी जमणार नाही, तर निदान कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा, खालच्या कप्प्यातलं वर न्या आणि ट्रंक विटांवर ठेवा. २०१९ च्या ऑगस्टात जिल्ह्यात पूर आला तेव्हा किती घरांतले कागद गेले ते तुम्हीही पाहिलं असेल. भिजलेच तर उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली पसरा, दोन दिवसांच्या आत, नाहीतर बुरशी धरते.

डेक माझ्याकडे आहे आणि चालू आहे. बेळगावला येणं होईल तेव्हा खराब झाली तरी चालेल अशी एक भजनाची कॅसेट आणि ट्रंकेतल्या दोन घेऊन या. आधी भजनाची लावून हात बसवू, मग तुमच्या.