काळे ठिपके म्हणजे एन्झाइमच काय?

प्रश्न: मॅडम, मी निपाणीची, बेळगावात लॅब टेक्निशियनचा कोर्स करतेय. पुस्तकात बोन मॅरोमधल्या कोवळ्या पेशीचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो आहे, आत काळे ठिपके आणि खाली लिहिलंय पेरॉक्सिडेज, म्हणजे एक एन्झाइम. एन्झाइम असं डोळ्याला दिसतं काय? आणि साध्या स्लाइडवर निगेटिव्ह आलेली पेशी तिथं पॉझिटिव्ह कशी येते?

उत्तर: एन्झाइम दिसत नाही गं, त्यानं केलेलं काम दिसतं. गुऱ्हाळ कुठं चाललं ते चिपाडाच्या ढिगावरनं कळतं, तसं. पेशींना डीएबी (डायअमिनोबेंझिडीन नावाचं रसायन) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड देतात, पेरॉक्सिडेज जिथं जागं आहे तिथंच डीएबीचा न विरघळणारा तपकिरी थर बसतो आणि पुढं ऑस्मियम टेट्रॉक्साइड दिलं की तो इलेक्ट्रॉनच्या झोतात काळाकुट्ट दिसतो. ही रीत ग्रॅहम आणि कार्नोव्स्कींची, १९६६ ची, उंदराच्या किडनीवर केलेली.

१९७१ मध्ये बेंटन, अलियट आणि फारक्वार यांनी माणसाच्या मॅरोतल्या न्यूट्रोफिलचा, म्हणजे एका पांढऱ्या पेशीचा, वाढीचा प्रवास दाखवला, तो मला फार आवडतो. प्रोमायलोसाइट या कोवळ्या टप्प्यात ईआरच्या (प्रोटीन बनवणाऱ्या) नळ्या, गोल्जी (ते पिशव्यांत भरणारा भाग), अझुरोफिल ग्रॅन्यूल्स (आधी बनणाऱ्या पिशव्या), सगळंच काळं, म्हणजे एन्झाइम बनायचं काम जोरात चालू. पुढच्या मायलोसाइटमध्ये ईआर आणि गोल्जी कोरे, जुने ग्रॅन्यूल्स तेवढे काळे आणि नवे स्पेसिफिक ग्रॅन्यूल्स साफ रिकामे. काळं कुठं आहे त्यावरनं पेशी किती वाढलीय तेसुद्धा कळतं बघ.

तुझी निगेटिव्ह पेशी मेगाकॅरिओब्लास्ट, म्हणजे प्लेटलेट बनवणाऱ्या पेशीचं कोवळं रूप, असू शकते. तिच्यात प्लेटलेट पेरॉक्सिडेज असतं, ते न्यूक्लियसच्या आवरणात आणि ईआरमध्ये, गोल्जीत नाही, आणि इतकं थोडं की साध्या मायक्रोस्कोपला सापडतच नाही. १९८५ मध्ये एम७, म्हणजे याच पेशींचा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर), वर्गीकरणात घेतला तेव्हा ही खूण फार कामाला आली, आता बहुतेक ठिकाणी फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी एकेक करून लेसरसमोरनं नेणारं यंत्र) सीडी४१ आणि सीडी६१ ही प्लेटलेटच्या घराण्यातल्या पेशींवरची प्रोटीन्स बघतात.

एक गोष्ट मात्र नीट बघ. पेशी टिकवायला वापरतात ते ग्लुटरअल्डिहाइड जास्त झालं की एन्झाइम मरतं, प्लेटलेटचं तर लवकरच, मग काळं नाही म्हणून एन्झाइम नाही असं म्हणता येत नाही. उलट लाल पेशींतलं हिमोग्लोबिनपण डीएबीला काळं करतं, तिथं पेरॉक्सिडेज नसतानाही. शिवाय हायड्रोजन पेरॉक्साइड न घालता तुलनेसाठी केलेला कंट्रोल सेक्शन शेजारी असल्याशिवाय ठिपक्यांवर विश्वास ठेवू नकोस, आणि पुस्तकात तो दिलेला नसेल तर तुमच्या सरांना वर्गातच विचार.