वरकसावर चुना किती टाकू?

मे महिन्यात खरिपाच्या गावसभा सुरू झाल्या की सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांतून येणारे निम्मे प्रश्न डोंगरउताराच्या, म्हणजे वरकस, जमिनीचे असतात. यंदाच्या सभांमधले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देतो. सभेत वेळ अपुरा पडला, म्हणून इथे थोडं सविस्तर.

«दीड एकर वरकस आहे. आधी रान होतं, दहा वर्षांपूर्वी तोडून काजू लावला. झाडं पिवळी पडतात. माती तपासली तर सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) 5.1 आला, सेंद्रिय कर्ब मात्र भरपूर. दुकानदार म्हणतो एकरी टनभर चुना टाका. टाकू?»

दादा, चुन्याचं पोतं उचलण्याआधी पहार उचला. बागेत दहा ठिकाणी पहार मारा आणि कितव्या बोटावर कातळ लागतो ते लिहून ठेवा. तुमच्या बाजूच्या उतारावर बऱ्याच ठिकाणी वीत-दीड वितीत पहार खणकन वाजते. तेवढीच तुमची जमीन. सातबारावर दीड एकर असली तरी झाडाला खायला मिळते ती एवढीच.

आता ही माती आंबट का झाली? आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाला लागून त्याहून जास्त. तीन हजार मिलिमीटर म्हणजे दहा फूट उंच पाणी. एवढं पाणी दरवर्षी वीतभर मातीतून झिरपून जातं आणि जाताना चुना, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) घेऊन जातं. मागे उरतं ते लोह आणि ॲल्युमिनियम. तांबडा रंग त्या लोहाचाच. सामू साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं मारतं. मुळं आखूड, जाडसर, बोथट होतात. शिवाय तुम्ही टाकलेलं स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि ॲल्युमिनियम बांधून टाकतात, झाडाला फार थोडं मिळतं.

मग याच मातीवर ऐन, किंजळ, जांभूळ शंभर शंभर वर्षं कसे उभे होते? त्यांना कोणी सुफला घातला नव्हता. तिथलं अन्न मातीत कमी आणि फिरतीवर जास्त असतं. कातळाच्या फटीतून मुळं जे काही वर ओढतात ते पानात जातं, पान खाली पडून कुजतं, आणि वरच्या चार बोटांत जाळ्यासारखी पसरलेली बारीक मुळं ते वाहून जायच्या आत पुन्हा उचलतात. गावच्या देवराईत जाऊन पाचोळा हाताने बाजूला करा (परवानगी गावकारांची आणि देवाची, दोन्ही घ्या). वरची पानं अखंड दिसतील, खालची जाळीदार झालेली, त्याखाली काळा भुसभुशीत चुरा आणि त्यात दोऱ्यासारखी पांढरी मुळं. हा थर बोटभर असतो, पण सगळं रान त्यावर जगतं.

तुम्ही रान तोडलं तेव्हा हे रहाटगाडगं थांबलं. अहवालात कर्ब भरपूर दिसतो तो जुन्या रानाची शिल्लक आहे. पण आंबट मातीत तो कुजतो हळू, आणि कुजून जे सुटतं ते धरायला आता वर मुळांचं जाळं नाही. म्हणून कर्ब भरपूर असूनही पान पिवळं.

चुन्याचं सांगायचं तर काजूला 5.1 सामू अगदीच परका नाही, टनभर चुना मात्र पातळ मातीला झेपत नाही. सामू झटकन वर गेला की शिल्लक कर्ब भराभर जळतो आणि जस्त, बोरॉन मिळेनासे होतात. त्या पैशात काजूखाली पाचोळ्याचं जाड आच्छादन करा. रानमोडी फुलावर यायच्या आत कापून आळ्यात पसरा. या तणाचा एवढाच काय तो उपयोग. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला टोचा, पुढे त्याचा पाला दरवर्षी मिळेल. स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट घ्या. ते आंबट मातीतच हळूहळू विरघळतं, म्हणून चुना आणि रॉक फॉस्फेट एकाच जागी घालू नका. युरिया आणि अमोनियम सल्फेट दोन्ही जमीन आणखी आंबट करतात, तेव्हा मात्रा एकदम न देता विभागून द्या.

चुना लागेल तो नाचणीला, कडधान्याला, परसातल्या भाजीला. तोही शेतभर न उधळता पेरणीच्या ओळीत, गुंठ्याला दोन ते चार किलो दळलेली चुनखडी, दरवर्षी. डोलोमाइट मिळालं तर उत्तम, त्यात मॅग्नेशियमही असतं. चुना आणि शेणखत किंवा युरिया एकत्र कालवू नका. नत्र वास मारत हवेत जातं.

«राखेनं आंबटपणा जातो म्हणता, मग भाजावळीला नको का म्हणता?» हा प्रश्न लांज्याकडच्या एका काकूंचा.

काकू, अर्धं तुमचं खरं. भाजावळ म्हणजे पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा, फांद्या पसरून जाळणं. राख चुन्याचंच काम करते, वर पालाश देते. म्हणून नवी भाजलेली जागा पहिल्या वर्षी नाचणी फर्मास देते. दुसऱ्या वर्षी तिथे वरी घ्यायची, मग हरिक किंवा तीळ, आणि मग जागा पडीक सोडायची, हा आपल्या आजोबांचा हिशोब होता. त्यात पडीक वर्षं पुष्कळ होती, तेवढ्यात रान परत उभं राहायचं. आता पडीक ठेवायला जागा कुणाकडे आहे? उताराची कवळ (झाडांच्या पाल्याच्या फांद्या) दरवर्षी तोडून खाली भाताच्या राबात (रोपं तयार करायच्या जागेत) जाळली, की वरच्या डोंगराचं अन्न खाली येतं आणि वर खडा उरतो. रोपवाटिकेला गादीवाफे करा आणि गिरणीवरची भाताच्या तुसाची काळी राख मिसळा. चारसूत्री भात लागवडीत तेच सांगितलं आहे. कवळ डोंगरावरच कुजू द्या.

«पुतण्या मुंबईहून जेसीबी पाठवतोय. उतार कापून पायऱ्या करू म्हणतो, हापूस लावायला.»

इथे मी जरा कडक बोलतो. आधी उतार मोजा. दहा फुटांचा वासा घ्या, एक टोक उतारावर टेकवा, लेव्हल नळी लावून वासा आडवा धरा, दुसऱ्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते पाहा. तीन फूट भरली तर उतार तीस टक्के. त्याहून जास्त असेल तर यंत्र वाडीतही आणू नका. पातळ माती कातळावर नुसती टेकलेली असते, तिला धरून ठेवतात ती झाडांची मुळं. पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो, आणि जुलैतल्या दोन दिवसांच्या मुसळधार पावसात ती पाण्याने जड होऊन सुटते. महाडचं तळीये 22 जुलै 2021 ला दरडीखाली गेलं, खालापूरची इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री. तिथली कारणं तुमच्या बागेची नाहीत, पण उतार, पातळ माती आणि अतिपाऊस हे तिन्ही तुमच्याकडेही आहेत.

कलमं लावायचीच तर झाडागणिक अर्धचंद्र थाळी करा. वरच्या बाजूची माती ओढून खालच्या बाजूला घ्या आणि काठाला दगड रचा. मधे समपातळीवर वाळ्याच्या ओळी लावा, त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात. सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब चर) मात्र तीव्र उतारावर नकोत, तिथे पाणी मुरवणं म्हणजेच धोका. उतारावर नवी भेग दिसली, झाडं कलली किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर बागेची चिंता सोडून माणसं हलवा आणि तहसीलला कळवा.

«मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा केला, तरी कलम पावसात मेलं.»

माझ्या गावच्या बागेत मी हेच केलं होतं, पुस्तकात लिहिलं होतं म्हणून. दीड फुटाखाली कातळ, तो फोडून खड्डे काढले आणि जूनमध्ये सगळ्या खड्ड्यांच्या टाक्या झाल्या. अकरा कलमं उभ्या उभ्या कुजली. वडील काही बोलले नाहीत, फक्त एका खड्ड्यात बेडूक दाखवला. कातळात खड्डा असेल तर उताराच्या बाजूला फोडून पाण्याला वाट द्या, आणि कलम भोवतीच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच भरावावर लावा.

«भाताच्या खाचरालाही चुना लागेल का?» सहसा नाही. पाणी साचून राहिलं की आंबट मातीचा सामू आपोआप वर सरकतो.

माती तपासायला आणाल तेव्हा राबाच्या जागेची, बांधाखालची किंवा ताज्या खताच्या आळ्यातली घेऊ नका. पिकासाठी वीतभर खोलीची चालते. बागेसाठी एक-एक फुटाचा थर वेगवेगळा, कातळ लागेपर्यंत. अर्धा किलो पुरे. सावलीत वाळवा आणि पिशवीतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. गेल्या वर्षी शाईच्या चिठ्ठ्या ओल्या मातीत पुसल्या आणि कुणाची जमीन कुणाची, हे शोधण्यात आमचा अख्खा शनिवार गेला.