जिन्याला पॉलिश कुठलं मारू?

प्रश्न: आमच्या लाकडी जिन्याचं पॉलिश पायऱ्यांच्या मधोमध पार उडालंय. एक पॉलिशवाले म्हणतात जुनंच लाखेचं परत मारू, दुसरे म्हणतात पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा कडक थर देणारं पॉलिश) मारा, तेही ग्लॉसी, काचेसारखं दिसेल. सासूबाई आणि छोटा मुलगा दिवसातनं दहादा वर-खाली करतात, दुसरा जिना नाही. काय करू?

उत्तर: ताई, ग्लॉसी नको, हे आधीच सांगते. चकचकीत पायरीवर मोजे घातलेला पाय कसा सटकतो ते एकदा बघा, आणि वर चरे, धूळ सगळं उठून दिसतं ते वेगळंच. मॅट (बिनचमकेचं) किंवा सॅटिन (हलक्या चमकेचं) घ्या.

लाखेचं पॉलिश कठड्याला झकास दिसतं, तिथे खुशाल ठेवा, पण पायरीवर पाणी सांडून राहिलं की पांढरा डाग धरतं आणि रोजच्या येण्या-जाण्यात झिजतं. पायऱ्यांना पीयूच. त्यातही ऑइल बेस लाकडाला मस्त मधासारखा रंग देतं पण वास डोकं उठवतो आणि दोन कोटांमधे जवळपास अख्खा दिवस जातो. वॉटर बेस 2-4 तासांत सुकतं, वास कमी, रंग फारसा बदलत नाही, फक्त 3-4 हात मारावे लागतात. तुमच्या घरात मी वॉटर बेसच घेतलं असतं.

मात्र आधी जुनं काय आहे ते तपासा, सगळी मेख तिथेच आहे. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावा, चिकट झालं तर लाख. ते पायरीवरनं पूर्ण काढा, आणि कधी मेण चोळलं असेल तर तेही, नाहीतर पीयू धरतच नाही, साली निघतात. (जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.) मग 80, 120, 150 नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. वॉटर बेसच्या कोटांमधे स्टील वूल (लोखंडी तारांचा बोळा) नको, त्याचे कण राहिले तर गंजाचे ठिपके पडतात, 220 चा पेपर हलका फिरवा.

एक सोडून एक पायरी रंगवा असं सगळे सांगतात, पण सासूबाई दोन-दोन पायऱ्या ओलांडणारेत का? त्यापेक्षा त्यांची झोपायची सोय तेवढे दिवस खाली करा आणि रोज रात्री सगळे आडवे झाले की एक कोट. वरून खाली उतरत मारा हं, उलटं केलंत तर सकाळपर्यंत वरच अडकाल.