'आयता' : कवचकुंडलं घालून उतरलेल्या नव्या भिडूला काय म्हणावं?

विचारणा अशी : "ऑनलाइन गेममध्ये खालच्या लेव्हलच्या पात्राला भारी शस्त्रं आणि चिलखत चढवून कुणी मैदानात उतरवलं की त्याला 'ट्विंक' म्हणतात. मराठी खेळाडू त्यालाच 'नवखा' म्हणतात, चिडले की 'ऐतखाऊ'. हे बरोबर का? 'आयता' हा शब्द 'आयात'वरून आला असं वाचलं, ते खरं का? आणि लिहायचं कसं, ऐतखाऊ की आयतखाऊ?"

आधी 'नवखा' खोडून टाका. हा गैरवापर इतक्यांदा कानावर येतो की आता कान किटले. नवखेपण माणसाचं असतं, पात्राचं नव्हे. ज्याचा हात बसलेला नाही, वाटा माहीत नाहीत, तो नवखा. ट्विंकमध्ये पात्र कोवळं असतं आणि ते चालवणारा मुरलेला. पात्राची लेव्हल १९ आणि खेळणाऱ्याची वर्षं पाच, अशा माणसाला नवखा म्हणणं म्हणजे कोऱ्या वहीत लिहितो म्हणून लेखकाला निरक्षर म्हणण्यासारखं आहे. 'नूब', म्हणजे अडाणी नवशिका, हाही त्याच कारणाने बाद. 'स्मर्फ' आणखी वेगळा. १९९६च्या सुमारास वॉरक्राफ्ट २ हा गेम खेळणाऱ्या दोघा नामांकित खेळाडूंनी ओळख लपवायला कार्टूनमधल्या स्मर्फांची नावं घेतली, तिथून तो शब्द रुळला. स्मर्फ आपलं कसब लपवतो आणि नव्या खात्यावरून खऱ्या नवख्यांना झोडपतो. त्याच्या अंगावर फाटकं चिलखत असलं तरी त्याचं भागतं. ट्विंकचं निम्मं बळ सामानात असतं.

'ट्विंक'च्या व्युत्पत्तीत शिरत नाही. गेमबाहेर इंग्रजीत त्याचा अर्थ वेगळाच आहे, आणि तो 'ट्वीक'वरून, म्हणजे बारीक फेरफार करण्यावरून, आला म्हणणारे विरुद्ध बाकीचे हे भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. रस आहे तो 'आयता'मध्ये.

'आयता' म्हणजे 'आयात' हा शोध कुणाचा कोण जाणे, पण तो ज्या आत्मविश्वासाने पसरवला जातो तो पाहण्यासारखा आहे. युक्तिवाद असा की बाहेरून आणलेलं ते आयात, आणि बाहेरून मिळालेलं ते आयतं. गेमवाल्यांना हे पटकन पटतं, कारण ट्विंकचं सामान मोठ्या पात्राकडून 'आयात' झालेलंच असतं. पण शब्द कानाला सारखे वाटले म्हणून सख्खे होत नाहीत. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा त प्राकृतात विरघळतो. मातेची माय होते, घाताचा घाव होतो, त कुठेच उरत नाही. जोडाक्षरातला त मात्र टिकतो : सप्त, सत्त, सात, भक्त, भत्त, भात, उत्तान, उताणा. 'आयात' प्राकृताच्या घाण्यातून गेला असता तर त्याचा त वाटेतच पडला असता. आज वापरतो तो 'आयात' थेट संस्कृतातून उचललेला आहे, त्याने घाणा पाहिलेलाच नाही. 'आयता'मध्ये त शाबूत आहे, म्हणजे मुळात तो दुहेरी असणार. तो शब्द 'आयत्त'.

व्याकरण नको असेल तर म्हणीला विचारा. 'आयत्या बिळावर नागोबा' यात बीळ कुठूनही आयात झालेलं नाही, ते होतं तिथेच आहे. बाहेरून आला तो नागोबा. आयातपंथीयांच्या हिशेबाने म्हण 'आयत्या नागोबाला बीळ' अशी हवी होती. आणि सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटी 'आयत्या वेळचे विषय' असतात, ती वेळ काय बंदरावर उतरवून घेतात?

आता 'आयत्त'. आ अधिक यत् हा धातू, त्याचं भूतकालवाचक रूप. आणि यत् म्हणजे काय, तर झटणं, खटपट करणं. 'यत्न' आणि 'प्रयत्न' याच धातूचे. ज्या शब्दाने आपण बिनकष्टाचं ते हिणवतो, त्याच्या पोटात कष्ट बसलेले आहेत! आयत्तचे संस्कृतातले अर्थ बघा : झटलेला, सज्ज, तयार, एखाद्याच्या हाती असलेला, त्याच्यावर अवलंबून असलेला. या तिन्ही अर्थांना जोडणारी माझी साखळी अशी : कुणीतरी झटतं, त्या झटण्याने वस्तू तयार होते, तयार वस्तू कुणाच्या तरी हाती जाते. मराठीने साखळीची शेवटची कडी ठेवली आणि पहिली विसरली. (चौकोनी 'आयत' वेगळा, तो यम् धातूचा, ताणलेला, व्यायाम-प्राणायामाच्या घरातला. 'पंचायतना'तलं आयतन मात्र आपल्याच घरचं.)

याच घरात 'स्वायत्त' राहतो. स्व अधिक आयत्त. म्हणजे स्वायत्त आणि ऐतखाऊ हे एकाच आजोबांचे नातू. एकाला समारंभात हार घालतात आणि दुसऱ्याला पंगतीतून उठवतात.

आणि 'आयत्त' ज्या ओळीमुळे मराठी माणसाच्या तोंडी राहिला ती ओळ कुणाची, हे पाहिलंत की या चर्चेचा निकालच लागतो. 'दैवायत्तं कुले जन्म, मदायत्तं तु पौरुषम्.' भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकाच्या तिसऱ्या अंकात अश्वत्थाम्याशी जुंपलेली असताना कर्ण हे बोलतो. कोणत्या कुळात जन्मावं हे दैवाच्या हाती, पराक्रम माझ्या हाती. बोलणारा कोण? जन्मतःच कवच आणि कुंडलं घेऊन आलेला माणूस! महाभारतात राजकुमारांच्या शस्त्रकौशल्याच्या मैदानात तो पहिल्यांदा उतरतो तेव्हा अर्जुनाने केलेलं सगळं करून दाखवतो, आणि कृपाचार्य विचारतात काय, तर तुझं कुळ कोणतं. दुर्योधन जागच्या जागी त्याला अंगदेशाचा राजा करतो. गेमच्या भाषेत, उभ्या उभ्या बूस्ट करतो, म्हणजे एका झटक्यात वरच्या पायरीवर नेतो. पुढे इंद्र ब्राह्मणाच्या वेशात येऊन कवचकुंडलं काढून नेतो आणि बदल्यात एकदाच चालणारी शक्ती देतो. खेळाच्या कर्त्यांनी एखादी वस्तू नर्फ करून, म्हणजे तिचं बळ कमी करून, भरपाई म्हणून एकदाच वापरायची कुपी हातावर ठेवावी, तसाच हा व्यवहार. भारी सामान घेऊन आलेल्या नव्या माणसाशी समुदाय कसा वागतो, याचा सगळा नमुना इथे आहे.

म्हणून माझं म्हणणं : अशा भिडूला 'आयता' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी विचारा, कुणाच्या आयत्त? समुदाय तेच विचारत असतो, शब्द जवळ नसतो इतकंच.

ट्विंक अस्सल स्वायत्त. सामान त्याच्याच मोठ्या पात्राने, 'मेन'ने, मिळवलेलं असतं. एव्हरक्वेस्ट हा ऑनलाइन गेम १९९९ साली आला तेव्हा बहुतेक वस्तूंना लेव्हलची अटच नव्हती. पुढच्या वर्षी गेमला कुनार्क हा वाढीव भाग जोडला, त्यात बुरशीने माखलेला एक अंगरखा आला, खेळाडू त्याला 'फंगी' म्हणत. दर टिकला, म्हणजे दर ६ सेकंदांना, तो १५ हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या जिवाचे गुण, भरून काढी. पहिल्या लेव्हलच्या पात्राचं एकूण आयुष्य वीसेक पॉइंटांचं आणि अंगची भरपाई टिकला एक-दोनची. असा अंगरखा घातलेलं पोर किरकोळ राक्षसांच्या हातून मरायलाच तयार नसे. तिथे मार राक्षसाला बसायचा, त्यामुळे कुरकुर असली तरी वैर नव्हतं.

वैर आलं ते वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमच्या रणांगणांमुळे, कारण तिथे खेळाडू खेळाडूशीच लढतो. वॉरसाँग गल्च हे १० विरुद्ध १० असं झेंडा पळवण्याचं मैदान, आणि खालचा गट तेव्हा लेव्हल १० ते १९चा. ट्विंक १९व्या लेव्हललाच थांबे, कारण २० लागली की तो वरच्या गटात सगळ्यांत धाकटा होई आणि जमवलेल्या सामानाची माती होई. थांबणं सोपं नव्हतं. लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण क्वेस्ट, म्हणजे नेमून दिलेली कामगिरी, पूर्ण करून मिळत, राक्षस मारून मिळत आणि नकाशावरचा नवा प्रदेश नुसता पायाखाली आला तरी मिळत. म्हणून ट्विंकवाले नव्या रस्त्याला पाऊल टाकायलाही घाबरत. खरी मेख मंतरलेल्या हत्यारांत होती. साठाव्या लेव्हलसाठी बेतलेला 'क्रुसेडर' मंत्र खालच्या तलवारीवरही चढे. तो लागला की १५ सेकंद ताकद १०० ने वाढे आणि वर जखमही भरे. एकोणिसाव्या लेव्हलच्या मानाने ही वाढ केवढी, हे समोरच्या बाराव्या लेव्हलच्या बिचाऱ्याला दोन फटक्यांत कळे. आता त्याने 'ऐतखाऊ' म्हणून शिवी दिली तर मला त्याचा राग समजतो, पण शब्द चुकला. ते सगळं जमवायला समोरच्याने महिने घातलेले असत. 'दांडगा' म्हण, 'निर्लज्ज' म्हण, ऐतखाऊ नाही.

इंद्र इथेही आला. ऑगस्ट २००९च्या ३.२ पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारित आवृत्तीत, रणांगणातही अनुभवाचे गुण मिळू लागले. ज्याला लेव्हल गोठवायची त्याने १० सोन्याची नाणी देऊन अनुभव बंद करायचा, आणि अनुभव बंद केलेल्यांनी आपापसांतच लढायचं. परिणाम मासलेवाईक झाला. सोपं भक्ष्य नाहीसं होताच पुष्कळांचा उत्साह मावळला, कितीतरी गटांत मैदान भरण्याइतकी माणसं जमेनात. उरले ते खरे हौशी. डार्क सोल्स २ या गेमने २०१४ साली वेगळी युक्ती केली : पात्राची लेव्हल न पाहता आजवर एकूण किती सोल्स (त्या गेममधलं चलन) मिळवले ते मोजून खेळाडूंच्या जोड्या लावल्या. ट्विंकला चाप बसला, पण जे बिचारे मरून सोल्स गमावत तेही वर ढकलले गेले, कारण गमावलेलं वजा होत नव्हतं. मग मिळणारे सोल्स गिळणारी अंगठी द्यावी लागली. तिसऱ्या भागात शस्त्र किती घडवलंय तेही पाहू लागले, आणि हा उपाय बरा ठरला.

परायत्त म्हणजे मित्राने सजवून पाठवलेला. हा खराखुरा नवखा असतो, आणि समुदाय त्याच्याशी सर्वांत गोड वागतो, तेवढ्यानेच त्याचं नुकसान होतं. देणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०१० पर्यंत प्रत्येक हत्यार-प्रकाराचं कौशल्य वेगळं वाढवावं लागे, ते जास्तीत जास्त पात्राच्या लेव्हलच्या पाचपट होई. गदा फिरवत १९ पर्यंत पोचलेल्याचं गदेचं कौशल्य ९५ असू शके आणि तलवारीचं १. त्याच्या हाती भारी तलवार दिली तर ती हवेतच फिरे. दुसरी गोष्ट खुन्नसची. राक्षसाची खुन्नस टँकवर, म्हणजे गटासाठी मार झेलणाऱ्या पात्रावर, राहायला हवी. जवळून मारणाऱ्यावरची खुन्नस टँकवरच्या खुन्नसेच्या ११० टक्के आणि लांबून मारणाऱ्यावरची १३० टक्के ओलांडून गेली की राक्षस त्याच्याकडे वळतो. भारी शस्त्राने नवखा हे सहज ओलांडतो, मरतो, आणि गटातले लोक त्याला शिकवायचं सोडून 'एवढं सामान असून?' म्हणतात. साध्या तलवारीवर हीच चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. द्यायच्याच तर थैल्या द्या, दुरुस्तीला नाणी द्या.

धनायत्त हा शब्द माझा, कोशात शोधू नका. पैसे मोजून सामान किंवा अख्खं पात्रच घेणारा. जुने खेळाडू अशाला ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावरून 'ईबेड' म्हणत. त्या संकेतस्थळाने जानेवारी २००७ मध्ये अशी विक्री बंद केली तरी हेटाळणी उरली. ईव्ह ऑनलाइन या अवकाशजहाजांच्या गेममध्ये हेटाळणीवर भागत नाही. तिथे जहाज फुटलं की गेलं, आणि त्यावरच्या प्रत्येक यंत्रभागाची शाबूत राहून लुटारूच्या हाती लागण्याची शक्यता निम्मी. महागडे भाग बसवून 'सुरक्षित' अवकाशात निघालेल्या नव्या वैमानिकाचा माल आधी दुरून स्कॅन होतो, बेरीज होते, मग स्वस्त जहाजांचा घोळका येतो. पोलीस त्या घोळक्याचा चुराडा करतात, पण लूट त्या चुऱ्यापेक्षा जास्त भरते. इथे राग नाही, निव्वळ हिशेब आहे. जहाज चालवता येतं का यापेक्षा फुटलं तर परवडेल का, हे तिथे आधी पाहायचं.

दैवायत्तावर फार बोलण्यासारखं नाही. पहिल्याच दिवशी दुर्मीळ वस्तू पायाशी पडली, तर सगळे हेवा करतात आणि दोन दिवसांत विसरतात.

मूळ प्रश्न राहिलाच. ट्विंकला मराठी शब्द हवा असेल तर 'कवचकुंडल्या' म्हणा. ढाल वागवतो तो ढाल्या, त्याच वळणाचा. 'सुसज्ज नवागत' असलं काही कृपा करून नको, ते स्वागतसमितीच्या फलकावर शोभेल. सुट्या विशेषणात आय लिहा : आयता, आयती, आयतं. समासात ऐ रुळलेला आहे, ऐतखाऊ. कुणी 'आयतखाऊ' लिहिलं तर व्युत्पत्तीला धरूनच आहे, लाल रेघ मारू नये. 'आयतोबा'ही चालतो, पण तो परायत्तासाठी राखून ठेवा. आणि 'आयत्ता' असा दुहेरी त उच्चारून आपण संस्कृताच्या जवळ गेलो असं ज्यांना वाटतं, त्यांनी सातालाही सत्त म्हणायला सुरुवात करावी.